चेतापेशी तारेसारखी असेल, तर दोन पेशींच्या मध्ये फट कशासाठी?

धोटा (सोलापूर, पूर्व भाग)

सर्वांना नमस्कार. अशोक चौकाच्या पुढे माझा टॉवेलच्या मागांचा लहानसा कारखाना आहे आणि माझे शिक्षण आयटीआयपर्यंतचे आहे, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटल्यास सांभाळून घ्यावे. मुलगी यंदा बारावी सायन्सला आहे. काल रात्री ती मेंदू आणि मज्जासंस्थेचा धडा वाचत बसली होती आणि मी शेजारी हिशेबाची वही घेऊन बसलो होतो. तिचे पुस्तक इंग्रजीत आहे. खाली जे मराठी शब्द वापरतो आहे ते धाकट्याच्या मराठी माध्यमाच्या पुस्तकातून घेतले आहेत.

बापाने काहीतरी सांगितले पाहिजे म्हणून मी तिला म्हणालो, की मेंदू म्हणजे आपल्या कारखान्यातला मेन बोर्ड समज आणि चेतापेशी म्हणजे त्याच्यापासून प्रत्येक मागापर्यंत गेलेल्या वायरी. त्यावर ती म्हणाली, "पप्पा, वायर असती तर जोड असता. इथे जोडच नाही. एका पेशीचे टोक दुसरीला टेकतच नाही, मध्ये फट आहे." तिने आकृती दाखवली आणि खरोखरच मध्ये फट होती. तिला पुस्तकात संपर्कस्थान म्हटले आहे, म्हणजे नाव संपर्काचे आणि प्रत्यक्षात संपर्क नाही.

तेव्हापासून हे डोक्यातून जात नाही. माझ्या धंद्यात वायरचा जोड ढिला झाला की मोटर बंद पडते आणि ताण्याचा धागा तुटला की गाठ मारल्याशिवाय माग चालवता येत नाही. मग निसर्गाने शरीरातल्या इतक्या महत्त्वाच्या यंत्रणेत प्रत्येक जोडाच्या जागी मुद्दाम फट कशी ठेवली? संदेश ती फट ओलांडतो कसा, आणि ओलांडण्यात वेळ जात नाही का? कोणी नीट समजावून सांगितल्यास मुलीपुढे माझी थोडी पत राहील.

वायरमन

दादा, यात अवघड काही नाही. चेतापेशीतला संदेश विजेचाच असतो, हे तर शाळेत सर्वांनीच शिकलेले आहे. फट फार बारीक असेल तर वीज ती उडी मारून ओलांडते, जशी मोटारसायकलच्या प्लगमध्ये ठिणगी उडते. त्यामुळे तुमची वायरची उपमा बरोबरच आहे. फक्त जोडाच्या जागी प्लग आहे असे मुलीला सांगा.

प्रयोगवही (निवृत्त शिक्षक, जीवशास्त्र)

वायरमन यांचे उत्तर चुकीचे आहे, परंतु त्यांनी वाईट वाटून घेऊ नये, कारण हीच चूक विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जगातील काही अव्वल शरीरक्रियाशास्त्रज्ञ मोठ्या जिद्दीने करत होते. त्यांच्याकडे मी नंतर येतो. आधी धोटा यांच्या प्रश्नातली "वायर" तपासून पाहू, कारण खरा घोटाळा फटीपासून नव्हे, तर तिथून सुरू होतो.

तांब्याच्या तारेतून जाणारा विजेचा संकेत सेकंदाला हजारो किलोमीटर जातो. चेतापेशीतला संदेश, ज्याला पुस्तकात आवेग म्हणतात, अगदी वेगवान तंतूंमध्येसुद्धा सेकंदाला साधारण १०० ते १२० मीटरच जातो आणि मंद तंतूंमध्ये तर सेकंदाला एखादा मीटर, म्हणजे माणसाच्या चालण्याच्या वेगाने. हेल्महोल्ट्झ यांनी १८५० मध्ये बेडकाच्या चेतातंतूवर हा वेग मोजला तेव्हा तो सेकंदाला तीसेक मीटरच्या आत आला. त्याआधी अनेकांची समजूत होती की हा वेग मोजता येणार नाही इतका प्रचंड असला पाहिजे. धोटा यांनी हा फरक स्वतःच्या अंगावर अनुभवलेला असणार: अनवाणी पायाचा अंगठा मागाच्या लोखंडी पायाला आपटला की आधी सुईसारखी एक कळ येते आणि ती ओसरते न ओसरते तोच, जवळजवळ सेकंदभराने, खोल ठणका सुरू होतो. मार एकच असतो. पहिली बातमी वेगवान तंतूंनी आणलेली असते, दुसरी मंद तंतूंनी.

वेगात इतका फरक पडण्याचे कारण असे, की पेशीत वीज तारेतल्यासारखी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे वाहत जात नाही. विश्रांतीत असलेल्या चेतापेशीची आतली बाजू बाहेरच्या बाजूपेक्षा सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण असते. पेशी सोडियम बाहेर आणि पोटॅशियम आत ठेवून हा ताण सांभाळते. एखाद्या ठिकाणी हा ताण पुरेसा उतरला, की तिथल्या पटलातील, म्हणजे पेशीच्या पातळ आवरणातील, सोडियमची दारे उघडतात, बाहेरचा सोडियम आत घुसतो, क्षणभर आतली बाजू धन होते आणि त्या धक्क्याने शेजारची दारे उघडतात, मग त्यांच्या शेजारची. गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर शोभेचे दारूकाम होते तेव्हा वात जशी पेटत जाते, तसे हे आहे: प्रत्येक तुकडा शेजारच्या तुकड्याला पेटवतो, त्यामुळे आग वातीच्या शेवटी पोहोचते तेव्हाही सुरुवातीइतकीच तेज असते, वाटेत मंदावत नाही. फरक एवढाच, की वात जळून राख होते आणि अक्षतंतू, म्हणजे पेशीचा संदेश नेणारा लांब धागा, एक-दोन मिलिसेकंदांत पुन्हा पेटायला तयार होतो. ही सगळी क्रिया हॉजकिन आणि हक्सली यांनी माकुळाच्या जातीतल्या एका सागरी प्राण्याच्या जाड अक्षतंतूवर मोजून १९५२ मध्ये गणितात मांडली. तो तंतू जवळजवळ अर्धा-एक मिलिमीटर जाड असतो म्हणून त्यात विद्युत्-अग्र (वीज मोजणारी बारीक तार) घालता आले.

आता फटीकडे वळू. ती आहे हे सिद्ध व्हायलाच फार काळ गेला. इटलीचे गोल्जी यांनी १८७३ मध्ये चांदीच्या क्षाराने मेंदूचा काप रंगवण्याची पद्धत शोधली. तिची खुबी ही, की ती हजारो पेशींपैकी मोजक्याच पेशी रंगवते, पण ज्या रंगवते त्या मुळापासून शेंड्यापर्यंत काळ्याभोर करते. सगळ्याच रंगल्या असत्या तर नुसते काळे डबके दिसले असते. धोटा यांना समजेल असे सांगायचे तर, विणून झालेल्या पांढऱ्या टॉवेलात एकच धागा काळा असला, तरच तो कुठून निघून कुठे जातो हे डोळ्यांनी शोधता येते. स्वतः गोल्जी यांना मात्र त्या चित्रात अखंड जाळे दिसले: सर्व पेशी एकमेकींत मिसळलेल्या आहेत असे त्यांचे मत होते. स्पेनचे काहाल यांनी तीच पद्धत सुधारून १८८८ मध्ये पक्ष्यांच्या लहान मेंदूचे काप पाहिले आणि त्यांना तंतूंची टोके मोकळी, स्वतंत्र संपलेली दिसली. दोघांना १९०६ चे नोबेल पारितोषिक एकत्र देण्यात आले आणि गोल्जी यांनी स्वीकाराच्या व्याख्यानातच काहालच्या मताविरुद्ध युक्तिवाद केला. एकाच रंगाने, एकाच प्रकारच्या कापात दोन माणसांना परस्परविरोधी गोष्टी दिसाव्यात, हे मी वर्गात दरवर्षी आवर्जून सांगत असे. प्रत्यक्ष फट दिसली ती १९५० च्या दशकात, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आल्यावर, आणि ती निघाली साधारण २० नॅनोमीटर रुंद. तुमच्याकडे वीस नंबरचे सूत येत असेल, तर त्याची जाडी साधारण ०.२ मिलिमीटर भरते. त्या सुताचे उभे दहा हजार भाग करावेत, त्यातल्या एका भागाइतकी ही फट आहे.

शेरिंग्टन यांनी या जागेला १८९७ मध्येच सिनॅप्स हे नाव दिले होते. हा ग्रीक शब्द एकत्र धरणे, कवटाळणे अशा अर्थाचा आहे, म्हणजे नाव आणि वस्तू यांचा विसंवाद मराठीतच आहे असे नाही.

संदेश ओलांडतो कसा, या प्रश्नाचे उत्तर ऑस्ट्रियातील ग्राझ येथे ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये बेडकांच्या दोन हृदयांवर दिले. शरीराबाहेर काढलेले बेडकाचे हृदय क्षारयुक्त पाण्यात बराच वेळ धडधडत राहते. लोवी यांनी पहिल्या हृदयाला जोडलेला व्हेगस हा चेतातंतू चेतवला, तशी त्याची गती मंदावली. नंतर त्याच हृदयातले पाणी त्यांनी दुसऱ्या हृदयात घातले, आणि त्या हृदयाला कोणत्याही चेतातंतूने स्पर्श केलेला नसताना तेही मंदावले. ठिणगी पाण्यात साठवून दुसरीकडे ओतता येत नाही. याचा अर्थ तंतूच्या टोकातून एखादे रसायन बाहेर पडले असले पाहिजे. ते ॲसिटिलकोलीन होते असे पुढे निश्चित झाले आणि लोवी व डेल यांना १९३६ चे नोबेल मिळाले. या प्रयोगाची कल्पना आपल्याला स्वप्नात सुचली, पहिल्या रात्री कागदावर टिपलेले सकाळी वाचता येईना म्हणून दुसऱ्या रात्री स्वप्न पुन्हा पडताच उठून थेट प्रयोगशाळेत गेलो, असे लोवी स्वतः सांगत असत. उतारवयात सांगितलेली हकीकत आहे, तेव्हा तिच्यात थोडे मीठमसाला असू शकतो.

आता वायरमन यांचे सोबती. जॉन एकल्स हे ठिणगीच्या बाजूचे सर्वांत कट्टर पुरस्कर्ते होते. १९५१ मध्ये न्यूझीलंडमध्ये त्यांनी मांजरीच्या मज्जारज्जूतील एका पेशीच्या आत अतिसूक्ष्म काचेचे विद्युत्-अग्र घालून मोजणी केली आणि तिला थांबवणारा संदेश आला की पेशीतला ताण उतरण्याऐवजी उलट वाढतो, असे त्यांना दिसले. ठिणगीच्या त्यांच्या सिद्धान्तात हे बसत नव्हते. त्यांनी आपले मत त्याच वर्षी सोडून दिले आणि पुढे रासायनिक सिनॅप्सवर काम केले. १९६३ च्या नोबेलमध्ये हॉजकिन आणि हक्सली यांच्याबरोबर त्यांचाही वाटा होता.

प्रत्यक्ष घडते ते असे. आवेग अक्षतंतूच्या टोकाशी पोहोचला, की तिथली कॅल्शियमची दारे उघडतात. टोकाच्या फुगवट्यात साधारण ४० नॅनोमीटर व्यासाच्या असंख्य पिशव्या तयार असतात आणि प्रत्येकीत संदेशवाहक रसायनाचे काही हजार रेणू भरलेले असतात. कॅल्शियम आत आले, की काही पिशव्या पटलाला चिकटून फुटतात आणि रसायन फटीत पडते. फट इतकी अरुंद आहे, की रेणू कोणी न ढकलता, नुसते पसरत पसरत पलीकडे पोहोचतात आणि समोरच्या पटलावरील ग्राहींना, म्हणजे त्या रेणूच्याच आकाराच्या कुलपांना, जाऊन बसतात. कुलूप उघडले की पलीकडच्या पेशीत पुन्हा आयनांची, म्हणजे सोडियमसारख्या विद्युत्‌भारित कणांची, ये-जा सुरू होते. म्हणजे विजेचे रसायन झाले आणि रसायनाची पुन्हा वीज झाली. या सगळ्याला अर्धा ते एक मिलिसेकंद लागतो. गुडघ्याखाली हातोडी मारल्यावर पाय उडतो त्या प्रतिक्षिप्त क्रियेत मांडीचा स्नायू चेतायला वीसेक मिलिसेकंद जातात आणि मज्जारज्जूत वाटेवर एकच सिनॅप्स असतो; तेव्हा वेळ जातो हे खरे, पण बहुतेक वेळ प्रवासात जातो, फटीत नव्हे.

फट "कशासाठी" याचे उत्तर उद्या लिहितो. वीज गेली आहे आणि फोनची बॅटरी संपत आली आहे.

रात्रपाळी (डॉक्टर)

सरांनी इतिहास फार छान सांगितला. ते परत येईपर्यंत मी फटीची दवाखान्यातली बाजू मांडतो, कारण आपल्या जिल्ह्यात काम करणाऱ्या डॉक्टरला सिनॅप्स हा पुस्तकातला विषय वाटत नाही. तो पहाटे तीन वाजता जीपमधून येतो.

पहिले उदाहरण फवारणीचे. डाळिंब आणि द्राक्षांवर मारली जाणारी जी कीटकनाशके ऑरगॅनोफॉस्फेट गटातली असतात, ती नेमकी या फटीत काम करतात. सरांनी रसायन फटीत पडते इथपर्यंत सांगितले. पण ते तिथेच राहिले तर पलीकडची पेशी सतत चेतत राहील, म्हणून ते तत्काळ साफ करावे लागते. ॲसिटिलकोलीनच्या बाबतीत हे काम फटीतच बसलेले एक विकर (एन्झाइम) करते आणि त्याचा एकेक रेणू सेकंदाला हजारो रेणू तोडतो. कीटकनाशक या विकरालाच जाऊन चिकटते आणि त्याला निकामी करते. कीड त्यामुळेच मरते आणि दुर्दैवाने आपली फट किडीच्या फटीपेक्षा फारशी वेगळी नाही. असा रुग्ण आला की डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या असतात, तोंडातून लाळ आणि फेस येत असतो, अंग घामाने निथळत असते, छातीत कफ भरलेला असतो आणि कातडीखाली स्नायू आपोआप थरथरताना दिसतात. प्रत्येक लक्षण म्हणजे कुठल्या ना कुठल्या सिनॅप्समध्ये साफ न झालेले ॲसिटिलकोलीन. आम्ही देतो ते ॲट्रोपीन या विषाला मुळीच हात लावत नाही. ते फक्त पलीकडची काही कुलपे झाकून बसते, म्हणजे तिथे फटीत रसायन कितीही असले तरी आत वर्दी जात नाही. ज्यांच्या घरी फवारणी होते त्यांनी एवढे करावे: अंगावर औषध सांडले तर कपडे लगेच काढून साबणाने आंघोळ घालावी, माणसाला थेट दवाखान्यात न्यावे आणि डबा किंवा त्यावरचे लेबल सोबत आणावे. डब्यावरच्या नावाने आमची निम्मी शंका मिटते.

दुसरे उदाहरण सापाचे. नाग आणि मण्यार या दोघांच्या विषाने पापण्या मिटू लागतात, बोलणे जड होते आणि शेवटी श्वास थांबतो, परंतु ही दोन विषे फटीच्या दोन वेगवेगळ्या काठांवर बसतात. नागाचे विष पलीकडच्या काठावर, स्नायूवरील कुलपांमध्ये बसते. मण्यारीचे विष अलीकडच्या काठावर, तंतूच्या टोकावरच हल्ला करते. रसायनाच्या पिशव्या संपतात आणि ते टोकच खराब होते. याचा परिणाम आम्हांला डोळ्यांनी दिसतो. नागाच्या रुग्णाला प्रतिविषाबरोबर निओस्टिग्मिन दिले, म्हणजे फटीतले साफसफाई करणारे विकर काही काळ मुद्दाम थोपवले, तर ॲसिटिलकोलीन साचते, विषाला बाजूला सारून कुलपांपर्यंत पोहोचते आणि मिटलेल्या पापण्या कधीकधी अर्ध्या तासात उघडतात. मण्यारीच्या रुग्णाला त्याचा फारसा उपयोग होत नाही, कारण अलीकडून रसायन सुटतच नाही तर साचणार काय? तो रुग्ण काही दिवस व्हेंटिलेटरवर ठेवावा लागतो आणि तंतूचे टोक नव्याने तयार होण्याची वाट पाहावी लागते. मण्यार बहुधा रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि चावल्याचे अनेकदा कळतही नाही. म्हणून सकाळी उठून पोटात दुखते, पापण्या उघडत नाहीत असे कोणी म्हणाले, तर ते झोपेचे लक्षण समजू नये.

धोटा, कीटकनाशक जे विकर दाबून ठेवते तेच नागाच्या वेळी आम्ही स्वतः थोपवतो. ज्या यंत्रणेत जोड पक्का असता तिथे मध्येच हात घालायला आम्हांला जागाच राहिली नसती.

धोटा

सर, डॉक्टरसाहेब, मनापासून आभार. तुमचे लिखाण मुलीने दोनदा वाचले आणि एकदा मला मोठ्याने वाचून दाखवले. सापाचे ऐकून आईने त्याच रात्री माडीवरची गादी खाली न घालता खाटेवर घातली.

मला एक नवीन शंका आली आहे. एका पेशीने रसायन सोडले की पुढची पेटते, तिने सोडले की त्याच्या पुढची, असे जर असेल तर एक पेशी पेटल्यावर काही वेळात सगळा मेंदूच का पेटत नाही? माझ्या कारखान्यात प्रत्येक मागाला स्वतंत्र स्विच आहे म्हणून एक सुरू केला तर बाकीचे सुरू होत नाहीत. इथे स्विच कुठे आहे?

प्रयोगवही

धोटा, फट कशासाठी आहे याचे उत्तर तुमच्याच प्रश्नात दडलेले आहे, म्हणून आता दोन्ही एकत्र सांगतो.

तुम्ही असे धरून चालला आहात, की अलीकडची पेशी पेटली की पलीकडची पेटलीच पाहिजे. चेतातंतू आणि स्नायू यांच्यातल्या फटीत बहुतेक वेळा तसे होते. तिथे हुकूम आणि अंमल यांत फारसा फरक नसतो. मेंदूत आणि मज्जारज्जूत मात्र तसे मुळीच नाही. तिथे एका पेशीवर हजारो सिनॅप्स असतात. लहान मेंदूतल्या पुर्किंजे पेशीवर तर लाखाच्या घरात असतात. त्यांपैकी एका सिनॅप्सने पलीकडच्या पेशीचा ताण किती उतरतो? मज्जारज्जूतल्या पेशींत तो साधारण ०.२ मिलिव्होल्ट भरतो. पेशी पेटायला ताण पंधराएक मिलिव्होल्टने उतरावा लागतो. म्हणजे एकट्या सिनॅप्सच्या म्हणण्याला तिथे काहीच किंमत नाही; डझनावारी सिनॅप्स काही मिलिसेकंदांच्या आत एकदम बोलले, किंवा एकच सिनॅप्स भराभर पुन्हा पुन्हा बोलला, तरच पेशी ऐकते.

आणि त्यांपैकी सगळे "हो" म्हणणारे नसतात. मेंदूत ग्लुटामेट हे रसायन बहुधा पेटवण्याचे काम करते, तर गॅबा आणि मज्जारज्जूत ग्लायसीन ही रसायने थोपवण्याचे. एकल्स यांनी मांजरीत पाहिलेला उलटा ताण तो हाच. प्रत्येक पेशी कोणत्याही क्षणी आलेले सगळे होकार आणि नकार यांची बेरीज-वजाबाकी करत असते, आणि बेरीज उंबरठ्यापर्यंत पोहोचली तरच स्वतःचा आवेग पाठवते. तुम्ही स्विच विचारलात. पेशी स्वतःच स्विच आहे आणि तो दाबणारी बोटे हजारो आहेत, त्यांतली काही तो मागे ओढणारी.

नकार किती महत्त्वाचा आहे हे धनुर्वातात दिसते. गंजक्या खिळ्याच्या जखमेतून शिरलेल्या जंतूंचे विष चेतातंतूतून वर चढत मज्जारज्जूत जाते आणि तिथे ग्लायसीन व गॅबा सोडणाऱ्या टोकांचे काम बंद पाडते. होकार देणारी यंत्रणा जशीच्या तशी असते, फक्त नकार देणारे गप्प होतात. मग दाराचा आवाज झाला, कोणी नुसता स्पर्श केला, तरी जबडा आवळतो, पाठ धनुष्यासारखी वाकते आणि समोरासमोरचे स्नायू एकाच वेळी ओढू लागतात. तुमचा प्रश्न होता की सगळेच का पेटत नाही. थोपवणारे सिनॅप्स गप्प झाले तर ते खरोखरच पेटते. कारखान्यात कोणाला लोखंड लागले की आपण टीटीचे इंजेक्शन घ्यायला पाठवतो ते याचसाठी.

जोड पक्का असता, तर ही बेरीज-वजाबाकी करायला, होकाराचा नकार करायला, एखाद्याचे म्हणणे आज थोडे आणि उद्या जास्त ऐकायला जागाच नसती. शेवटचा मुद्दा शिकण्याचा आहे: ब्लिस आणि लोमो यांनी १९७३ मध्ये सशाच्या मेंदूत दाखवले, की एका वाटेवरून थोडा वेळ भराभर आवेग पाठवले तर त्या वाटेवरचे सिनॅप्स नंतर तासन्‌तास अधिक जोराने प्रतिसाद देतात. तुमच्या मागावरचा जुना कामगार तुटलेल्या धाग्याला गाठ मारताना बोटांकडे पाहतसुद्धा नाही आणि नव्या मुलाला तेच करायला दोन्ही डोळे आणि जीभ बाहेर काढावी लागते. फरक दोघांच्या तंतूंत नाही. असलाच तर या फटींच्या दोन काठांवर आहे.

वायरमन

सर, माझी चूक मान्य. पण माझ्यासारख्याचे समाधान होईल असे एक विचारतो: थेट जोडलेल्या चेतापेशी शरीरात कुठेच नाहीत का?

प्रयोगवही

आहेत, त्यामुळे तुमची ठिणगी अगदीच वाया गेली नाही. १९५९ मध्ये फर्श्पॅन आणि पॉटर यांनी गोड्या पाण्यातल्या झिंग्यासारख्या एका प्राण्यात विद्युत् सिनॅप्स दाखवला. तिथे फट ३ ते ४ नॅनोमीटरवर येते आणि दोन्ही पेशींच्या आरपार जाणाऱ्या नळ्या तिच्यात बसवलेल्या असतात. विद्युत्‌भारित आयन थेट इकडून तिकडे जातात आणि विलंब जवळजवळ शून्य असतो. धोका दिसताच शेपटी मारून पळणाऱ्या प्राण्याला हेच सोयीचे. आपल्या मेंदूतही असे जोड काही ठिकाणी आहेत, आणि हृदयाच्या स्नायूपेशी तर एकमेकींना अशाच नळ्यांनी जोडलेल्या आहेत, कारण तिथे विचार करायचा नसतो, सर्वांनी एकदम आकसायचे असते. मात्र अशा जोडातून संदेश बहुतेक ठिकाणी दोन्ही दिशांनी जातो. रासायनिक फटीत तो एकाच दिशेने जातो, कारण पिशव्या एका काठावर आणि कुलपे दुसऱ्या काठावर असतात. अक्षतंतू मधोमध चेतवला तर आवेग दोन्हीकडे धावतो; मागे गेलेला आवेग मागच्या फटीशी पोहोचून तिथेच विरतो.

वायरमन

म्हणजे वायर दोन्हीकडून चालते आणि डायोड जोडावर आहे. हे मला आधीच सांगितले असते तर प्लगचे नाव काढले नसते.

धोटा

शेवटचे लिहून थांबतो. आज मुलीने वहीत सिनॅप्सची आकृती पुन्हा काढली आणि फट पट्टीने मोजून बरोबर दोन मिलिमीटरची ठेवली. मी म्हणालो, सरांनी सुताच्या दहा हजाराव्या भागाएवढी सांगितली होती, तू केवढी काढलीस. तिने कॅल्क्युलेटर घेतला. वीस नॅनोमीटरचे दोन मिलिमीटर झाले, म्हणजे आकृती एक लाख पटीने मोठी झाली. त्याच मापाने आपले वीस नंबरचे सूत वीस मीटर जाड होईल, आणि मज्जारज्जूतून निघून पायाच्या बोटाकडे जाणारी मीटरभर लांबीची एकच पेशी काढायची ठरवली तर वही इथे सोलापुरात धरून रेघ विजापूरपर्यंत ओढावी लागेल.

गणित बरोबर आहे का, सर? ती उत्तरासाठी थांबली आहे आणि मी माग बंद करून आलो आहे.

प्रयोगवही

बरोबर आहे. शंभर किलोमीटर. आकृतीखाली प्रमाण लिहायला सांगा. आमच्या वेळी त्याला अर्धा गुण असे.